कूलरची चप्पल

टेकचंद,

"बाबा झटक्यानं गेले," असं तुझी सरिता फोनवर म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कोणाच्या घरी?"

ती हुंदका आवरत म्हणाली, "घरीच ना काका. चहा घेतला, छातीत दुखून राहिलं म्हणले, दवाखान्यात नेता नेता गेले." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा झटका हृदयाचा. वायरमन माणूस झटक्याने गेला म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि असा मी एकटाच नाही बरं. गेले पंधरा दिवस पानठेल्यावर, भाजीबाजारात, स्टेशनच्या पुलावर जो भेटतो तो हेच विचारतो. "अरे, टेकचंदभाऊ गये? कहाँ लगा करंट?" मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, करंट नाही रे बाबा, हार्ट. तू असतास तर चांगलाच भडकला असतास. आयुष्यभर तारांत हात घालून तू विजेला कधी डोकं वर काढू दिलं नाहीस, आणि शेवटी लोकांनी श्रेय तिलाच दिलं.

सरिताला मी बोललो नाही, पण "कोणाच्या घरी" हे मी उगाच विचारलं नव्हतं. उन्हाळा सुरू झालेला, तुझ्या तपासणीच्या फेऱ्याही सुरू झालेल्या, आणि माझ्या घराच्या वरच्या भाड्याच्या खोलीत एक कूलर आहे. त्या कूलरबाबत मी तुझ्याशी तीन वर्षांपूर्वी खोटं वागलो होतो. फोन कानाशी धरून मी मनात म्हणत होतो, देवा, माझं घर नको. तू गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण क्रम तोच होता.

तुझी माझी ओळख हे घर बांधताना झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. रेल्वे लाईनच्या पलीकडे प्लॉट घेऊन घर बांधत होतो. तू सालेकशाकडच्या जंगलातल्या गावातून आलेला. राईस मिलच्या मोटारी दुरुस्त करता करता घरांच्या वायरिंगची कामं घ्यायला लागला होतास. पहिल्या दिवशी सायकल भिंतीला टेकवलीस आणि विचारलंस, "गुरुजी, न्हाणीचं पानी कोन्या बाजूनं जाईन?" मला वाटलं चुकून नळवाला आला. तू म्हणालास, "जमीन वल्ली पायजे जी. कोरड्या जमिनीत अर्थिंग बसत नाही." मग घरामागे, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवरच तू खोल खड्डा खणलास, त्यात तांब्याची पट्टी उभी केलीस आणि भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर भरलंस. तोवर पंधरा वर्षं मी आठवीच्या वर्गात फळ्यावर तीन आडव्या रेघा काढून अर्थिंग शिकवत आलो होतो. ती जमिनीत कशी असते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तू खड्ड्यातूनच मान वर करून म्हणालास, "म्हंजे गुरुजी, तुमी आजवर बोर्डावरच अर्थिंग करून राहिले होते!" मी चिडलो, मग हसलो, आणि आपलं जमलं ते जमलं.

घरं तपासायचं खूळ तुझ्या डोक्यात नंतर शिरलं. तुझी भाची गेल्यावर.

ती कॉलेजसाठी गोंदियात खोली करून राहत होती. खोली भाड्याची, कूलर लोखंडी, भरदुपारची वेळ, आणि नुकतं तोंड धुतलेलं म्हणून हात ओले. तू पोचलास तेव्हा सगळं संपलेलं होतं. घरमालक काही वाईट माणूस नव्हता. तोही रडत होता, आणि रडता रडता प्रत्येक येणाऱ्याला एकच सांगत होता, "आमी सांगितलं होतं जी तिले. चप्पल घालूनच कूलरले हात लावजो म्हून." हे तू मला एकदाच सांगितलंस, माझ्या ओट्यावर बसून, हातातली तार सोलत. तुझा आवाजही चढला नाही. म्हणालास, "गुरुजी, त्याले मालूम होतं. घरातल्या सगळ्यायले मालूम होतं. म्हून तं चप्पल होती."

आपल्याकडे जो वाढला त्याला ही चप्पल समजावून सांगावी लागत नाही. मे महिन्यात कूलरशिवाय जिवंत राहायची सोय नाही. कूलर पत्र्याचा, त्याच्या पोटात पाणी, पाण्यात पंप, पंपाची तार दोन उन्हाळ्यांत उघडी पडलेली. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. त्यावर आपण सगळ्यांनी मिळून काढलेला उपाय काय, तर कूलरच्या पायाशी रबरी चपलांचा एक जुना जोड. बटण दाबायचं, पाणी भरायचं, तर पाय त्यात सरकवायचे. पाहुणा आला की त्याला पाण्याचा पेला आणि सूचना एकदमच मिळते, "चप्पल घालून हात लावा हो, जरासा मारते." पंपाची तार बदलायचं कोणाच्या मनात येत नाही, पण चपलेचा पट्टा तुटला तर तो मात्र आपण त्याच दिवशी पिनेने जोडतो.

म्हणून तुझी तपासणी बघायला लोकांना गंमत वाटायची. वायरमन घरात आला की वर बघतो, बोर्डाकडे, पंख्याकडे, छताकडे. तू आलास की खाली बघायचास. खिशातला टेस्टर खिशातच, हात पाठीमागे बांधलेले, आणि नजर फरशीवर. चप्पल दिसली की थांबायचास. "कोनाची हाय?" म्हणून विचारायचास. "कूलरची," असं उत्तर आलं की मग पिशवी उघडायचास. एका घरी त्या बाईंनी मोठ्या कौतुकाने दाखवलं, की आमच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळा जोड आहे. तू त्यांना हात जोडलेस. "जरासाच मारते" असं कोणी म्हटलं की मात्र तुझं डोकं फिरायचं. "जरासा करंट म्हंजे काय जी? जरासा साप चावते काय?" असं म्हणत तू अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचास.

सगळं झाल्यावर, पिशवी खांद्याला लावून, दारातून बाहेर एक पाय टाकलेला असताना, तू मागे वळून तो तुझा नेहमीचा प्रश्न विचारायचास. "काई सांगाचं राहून गेलं काय?" हा प्रश्न दारातच का, असं मी तुला एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, लोक घरात बसवून खोटं बोलतात, दारात खरं बोलतात. आणि तसंच व्हायचं. तेवढा वेळ सगळं ठीक आहे म्हणणारी माणसं तू निघालास की हळूच म्हणायची, "ते गीझर लावल्यावर नळाला हात लावला की थोडं..." की तू परत आत.

तुझ्याबरोबर कुठे जायची सोय नव्हती. आपण दोघं सहकुटुंब नागझिऱ्याला गेलो होतो ते आठवतं? जिप्सी निघायची वेळ झाली, गाईड हाका मारतोय, आणि तू मुक्कामाच्या खोलीमागे जनरेटरच्या उघड्या जोडाशी उकिडवा बसलेला. "टेकचंद, वाघ बघायचा आहे की नाही?" मी ओरडलो. तू म्हणालास, "वाघ पाहून राहिलो मी. तुमी तुमचा पाहून या." वहिनी इतक्या संतापल्या, की परत येईपर्यंत तुझ्याशी बोलल्या नाहीत. आम्हाला वाघ काही दिसला नाही. तू दुपारपर्यंत तो जोड नीट करून, टेप गुंडाळून, तिथल्या माणसाला चार शब्द सुनावून मोकळा झाला होतास.

आणि आपलं ते भांडण. इतक्या वर्षांत ते मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही, म्हणून पुन्हा मांडतो. माझं म्हणणं असं, की स्वतःचं घर मी सुरक्षित ठेवीन, भाडेकरूची खोली ही त्याची त्याने बघावी. कूलर त्याचा, वायर त्याची, प्लग त्याने लावलेला. तू म्हणायचास, "भिंत कोनाची?" मी म्हणायचो, माझी. "मंग भिंतीतली तार कोनाची?" "तुमी कागदावर लिवून घेता, भिंतीत खिया ठोकाचा नाही म्हून. खिया ठोकाचा नाही तं तो मानूस अर्थिंग कोठून काढन? छातीतून?" तू म्हणायचास, मीटरपर्यंत सरकार बघतं, मीटरच्या पुढे घरमालक बघतो, आणि घरमालक आपल्या बैठकीपुरतं बघतो. मालकाच्या घरात दुरुस्ती होते आणि भाड्याच्या खोलीत चप्पल येते. तेव्हा मी विषय बदलायचो, किंवा आवाज वाढवायचो, आणि आवाज वाढवण्यात मी तुला कधी हार गेलो नाही.

आता ती गोष्ट.

वरचा मजला मी बांधला तेव्हा तू गावाला भाताच्या रोवणीला गेला होतास. तुझ्या दीड एकराची रोवणी तू दुसऱ्याच्या भरवशावर कधी टाकली नाहीस. मला सांगून गेलास, "गुरुजी, थांबा, पंधरा दिवसांत येतो." मी थांबलो नाही. मिस्त्रीच्या ओळखीचा एक जण होता, त्याने चार दिवसांत वरची वायरिंग उरकून दिली. बोर्ड चकाचक, खाली फुलांच्या टाइल्स. तू परत आलास तेव्हा मी सांगितलं, की तुझ्याच खालच्या लायनीवरून घेतलं आहे, सगळं तसंच केलं आहे. तुला वाईट वाटलं असणार. पुढच्या उन्हाळ्यात मला कळलं की त्या चकाचक बोर्डावर भोकं तीन असली तरी तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागे काहीच नव्हतं. तारा दोनच होत्या. तिसरं भोक नुसतं दिसायला.

तेव्हा वर रेखा राहायला आली होती. छत्तीसगडकडची, खासगी दवाखान्यात नर्स, चार वर्षांची मुलगी गुड्डी, नवरा परगावी कामाला. पहिल्याच आठवड्यात ती खाली आली. "सर, कूलर थोड़ा करंट मारता है." मी काय केलं असेल? मी घरातला एक जुना रबरी जोड काढून तिला दिला, निळ्या पट्ट्यांचा. म्हणालो, "चप्पल पहनकर हाथ लगाया करो." तेच वाक्य, टेकचंद. तुझ्या भाचीचा घरमालक जे रडत रडत सांगत होता तेच, फक्त मी ते हिंदीत म्हणालो. मला तिची गोष्ट ठाऊक होती. ठाऊक असून म्हणालो. तुला बोलावलं असतं तर तू फुलांच्या टाइल्स फोडल्या असत्यास, त्याहून मोठं म्हणजे तू नसताना मी काय करून घेतलं ते तुला दिसलं असतं. मला तुझ्यासमोर उघडं पडायचं नव्हतं. एवढ्याशा कारणासाठी मी एका बाईला आणि तिच्या लेकराला वर्षभर त्या पत्र्याशेजारी झोपू दिलं.

मग पुढच्या एप्रिलात तू तपासणीला आलास आणि ह्या वेळी हटूनच बसलास, की वरची खोलीही बघणार. रेखा ड्यूटीवर गेली होती, गुड्डी शेजारी होती, किल्ली माझ्याकडे होती. तू खाली माझ्या बैठकीतला बोर्ड बघत होतास तेवढ्यात "खोली उघडून येतो" म्हणून मी वर गेलो. निळी चप्पल कूलरपाशी होती. मी ती उचलली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे टाकली. साठीच्या घरातला माणूस, निवृत्त शिक्षक, चोरासारखा वाकून चपला लपवतो आहे. तू वर आलास. नेमकी तेव्हा लाईन गेली होती, त्यामुळे टेस्टर लावायचा प्रश्नच नव्हता. तू हात पाठीमागे बांधून कूलरसमोर उभा राहिलास आणि खाली फरशीकडे बघत राहिलास. बराच वेळ. मग जिना उतरलास, चहा घेतलास. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की उद्या आम्ही दोघं नवरा-बायको सालेकशाला लग्नाला चाललो, दोन दिवस नाही. तू म्हणालास, "बरं." दारात वळलास. "गुरुजी, काई सांगाचं राहून गेलं काय?"

मी म्हणालो, "नाही."

लग्नाहून परतलो तेव्हा रेखा म्हणाली, "चाचा आए थे. पक्कड़ भूल गए थे ऊपर." मला आश्चर्य वाटलं. तू कधी हत्यार विसरत नाहीस. पण डोक्यावरून धोंडा उतरल्यासारखा मी इतका खूश होतो, की त्यावर जास्त विचार केला नाही. टाकीमागची चप्पल मी मुकाट्याने काढून वर ठेवली. चार दिवसांनी बघतो तर ती न्हाणीच्या दाराशी. रेखाला मी चांगलं झापलं, की चप्पल कूलरपाशी ठेवत जा, तुला अक्कल नाही का. ती "जी सर" म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसली. मला वाटलं, आजकालच्या मुलींना कशाचं गांभीर्य नाही.

त्याच आठवड्यात तू कर्दळीचे कंद घेऊन आलास. म्हणालास, "न्हाणीचं पानी तुमी नालीत सोडलं, तुमचा खड्डा कोरडा पडला. त्याच्यावर हे झाड लावून देतो. रोज एक बादली देजा. उन्हाळ्यात एक दिवस बी चुकवू नका." माझ्या घराची अर्थिंग म्हटल्यावर मी कशाला चुकवतो? तीन उन्हाळे मी रोज सकाळी मागच्या दाराने बादली घेऊन गेलो. कर्दळ माझ्या कमरेपर्यंत आली, लाल फुलली. बायको चेष्टा करायची, की देवाच्या फुलांपेक्षा टेकचंदभाऊंच्या झाडाची काळजी जास्त. मी म्हणायचो, ते झाड नाही, तो आपल्या घराच्या विम्याचा कागद आहे.

दर एप्रिलात तू येत राहिलास. वर जायचास, खाली यायचास, चहा घ्यायचास, दारात वळायचास. "काई सांगाचं राहून गेलं काय?" दर वेळी माझं "नाही" आदल्या वर्षापेक्षा सोपं होत गेलं. शेवटचं "नाही" मी गेल्या वर्षी पेपर वाचता वाचता म्हणालो, मानसुद्धा वर न करता. तू थोडा थांबलास आणि गेलास. यंदा तुझी फेरी माझ्या गल्लीपर्यंत आलीच नाही.

परवा तुझी तेरवी झाली. पंगत उठल्यावर मी मांडवाच्या खांबाशी बसलो होतो आणि पाहतो तर आत वहिनींच्या गळ्यात पडून रेखा रडते आहे. गुड्डी बाजूला उभी, आता आठ वर्षांची. मला कळेना, हिचं इथे काय नातं. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, आपको सच में नहीं पता?"

मग तिने सांगितलं. मी लग्नाला गेलो त्याच सकाळी तू आलास. तिने घाबरून विचारलं की झालं काय. तू तिला कूलरसमोर नेलंस आणि फरशी दाखवलीस. कूलरचं पाणी ठिबकून ठिबकून फरशीवर पांढरे डाग चढले होते, आणि त्या पांढऱ्यात दोन तळव्यांएवढी जागा कोरी होती, शेजारी शेजारी, डावा आणि उजवा. चप्पल उचलली गेली होती, पण तिचा ठसा कोणी उचलला नव्हता. तू तिला विचारलंस, "बेटी के नाप की चप्पल कहाँ है?" गुड्डी तेव्हा अनवाणीच फिरायची.

दोन दिवस तू राबलास. एक टाइल फोडली नाहीस. मागच्या भिंतीवरून नळी सोडलीस, तिला भिंतीचाच रंग दिलास, तार खाली आणून जुन्या खड्ड्याला जोडलीस. खड्डा उकरून मीठ-कोळसा नवा भरलास. पंपाची तार बदललीस. लाईन आल्यावर गुड्डीला अनवाणी कडेवर घेऊन, आधी स्वतःचा हात पत्र्यावर ठेवलास आणि मग तिचा. रेखा म्हणाली, मी चाचांना म्हटलं, सरांना सांगते, ते आभार मानतील. तर तू म्हणालास, "गुरुजी को कुछ मत बताना. वो खुद बताएँगे मेरे को."

मी घरी आलो आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. नळी होती. तीन वर्षं ती मी टाकीच्या जास्तीच्या पाण्याची समजत होतो. माझ्याच घराची भिंत, आणि मी तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

तुला खरं सांगू? आधी मला तुझा राग आला. तीन वर्षं तू, रेखा, कदाचित वहिनीसुद्धा, सगळ्यांना ठाऊक, आणि मी एकटा हुशार समजून पेपर वाचतोय. एकदा तोंडावर थाड्कन बोलला असतास तर काय बिघडलं असतं? तू कोणाची भीड ठेवणारा नव्हतास. पाहुण्यांची चप्पल दाखवणाऱ्या बाईंना तू हात जोडलेस, मला का नाही जोडलेस? रात्रभर नाही, पण सबंध दुपार मी मनात तुझ्याशी भांडलो. मग राग उतरला तेव्हा दिसलं, की तू माझ्या खरेपणाची वाट बघत गुड्डीला धोक्यात ठेवलं नव्हतंस. आधी तार जोडलीस, मगच वाट बघायला बसलास. माझी चूक दुरुस्त व्हायला माझी गरज नव्हती. माझी कबुली मात्र माझ्याशिवाय कोणी देऊ शकत नव्हतं, म्हणून तेवढी तू माझ्यासाठी ठेवलीस. आणि कर्दळीचं पाणी. मी माझ्या बैठकीसाठी म्हणून रोज ओतत होतो ती बादली वरच्या खोलीसाठीही चालली होती. तुझ्या-माझ्या भांडणात तू मला हरवलंस आणि ते मला कळूही दिलं नाहीस. ह्याला काय म्हणावं, उपकार की फसवणूक, ते मी अजून ठरवलेलं नाही. तू असतास तर ह्याच्यावरून पुन्हा एक भांडण झालं असतं आणि मला ते फार हवं होतं.

काल सकाळी मी खालच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे बँकेत लागलेलं नवं जोडपं राहतं. हात आपोआप पाठीमागे गेले आणि नजर फरशीवर. कूलरपाशी काही नव्हतं. निघताना दारात वळून मी त्यातल्या नवऱ्याला विचारलं, काही सांगायचं राहून गेलं का. तो "नाही सर" म्हणाला. मी थांबून राहिलो. तू थांबायचास तेवढा वेळ. मग त्याची बायको आतून म्हणाली, "सर, वॉशिंग मशीन लावली की जरासं मारते." मी तुझ्यासारखा ओरडलो नाही, मला ते जमत नाही. सरितानं तुझ्या हाताखाली शिकलेल्या एका वायरमनचा नंबर दिला आहे. तो उद्या येतो आहे. टाइल्स फुटल्या तर फुटू दे.

आज सकाळी बादली घेऊन कर्दळीपाशी गेलो. पाणी ओतलं आणि तिथेच उभा राहिलो, कारण तुझं थडगं नाही, फोटोसमोर माझ्याने बोलवत नाही, आणि ह्या गावात तुझ्या हातची मी ओली ठेवलेली जागा ही एकच आहे. तीन वेळा तू मला दारात विचारलंस आणि तीन वेळा मी नाही म्हणालो. तुला ठाऊक होतं, तरी तू विचारत राहिलास, म्हणून मीही आता तुला ठाऊक असलेलंच सांगतो.

हो, टेकचंद, राहून गेलं होतं. कूलरपाशी चप्पल होती. ती मी उचलली.